जोतिबाच्या डोंगरावरची गर्दी आणि शिवाजी चौकातला जमाव : नेत्यांवरचा विश्वास उडतो तेव्हा काय होते?

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, म्हणजे आपल्या जोतिबावर, लाखो माणसे चढतात. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, सीमाभाग आणि कर्नाटकातून लोक येतात. २०२५ साली ही यात्रा १२ एप्रिलला आली. आदल्या दिवशी, ११ एप्रिलला महात्मा फुल्यांची जयंती होती आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची. चार दिवसांत तीन मोठे सोहळे एकाच जिल्ह्यात झाले. रस्ते तेच, पोलीस तेच, आणि पुष्कळदा तरुण पोरेही तीच.

बावीस प्रतिज्ञा घेतलेले आपण जोतिबाला गुलाल उधळायला जात नाही. मग बौद्ध तरुणांसाठीच्या लेखात जोतिबा कशाला, असे कोणी विचारेल. त्याला आमच्याकडे दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे हा डोंगर बहुजनांचा आहे. फुल्यांचे जोतीराव हे नावही याच दैवतावरून पडले. त्यांच्या जन्माच्या दिवशी जोतिबाची यात्रा होती, असे चरित्रकार सांगतात. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. याच डोंगरावर लाखोंची गर्दी दंगल न करता घरी जाते आणि इथून जेमतेम सतरा-अठरा किलोमीटरवर, कोल्हापूरच्या शिवाजी चौकात, त्यापेक्षा कितीतरी लहान जमाव ७ जून २०२३ रोजी शहर बंद पाडून दगडफेक करतो. माणसे एकाच मातीतली आहेत. मग हा फरक कशाने पडतो? राजकीय द्वेष, नेत्यांवरचा अविश्वास आणि अशांततेचा धोका या तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय, हे समजून घ्यायचे तर याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल.

काठी एकाची, दोर अनेकांचे

जोतिबाच्या यात्रेत सासनकाठ्या असतात. तीस-चाळीस फूट आणि त्याहूनही उंच अशा या काठ्या गर्दीतून नाचवत नेतात. काठी एकजण कमरेच्या आधाराने पेलतो, पण ती उभी राहते ती चारी बाजूंनी ताणून धरलेल्या दोरांमुळे. दोर धरणाऱ्यांपैकी एकाने जरी ढिलाई केली तरी काठी कलंडते आणि खालच्या माणसांच्या डोक्यावर येते. म्हणून काठी पेलणाऱ्याला दोर धरणाऱ्यांचे ऐकावेच लागते.

दुसरी गोष्ट क्रमाची. मानाच्या सासनकाठ्यांचे क्रमांक ठरलेले आहेत. पहिला मान साताऱ्याकडच्या पाडळीचा. कोणाची काठी कोणामागून निघणार, पालखी यमाईच्या देवळाकडे केव्हा जाणार, हे आधी ठरलेले असते. देवस्थान समिती, ग्रामपंचायत, जिल्हा प्रशासन, पोलीस आणि एसटी यांच्या बैठका आधी होतात. काही बिघडले तर विचारायचे कोणाला, हे सगळ्यांना माहीत असते.

यात्रेतली मानाची उतरंड आदर्श आहे, असे आमचे म्हणणे नाही. मानपानाच्या परंपरेत जात किती खोल मुरलेली असते, हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. मुद्दा एवढाच की गर्दीला जेव्हा ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ आणि नावानिशी जबाबदार माणसे असतात तेव्हा ती गर्दीच राहते. हे तिन्ही नसेल तर तिचा जमाव होतो. जमावात कोणी कोणाला उत्तर देत नाही.

हीच कसोटी आता आपल्या राजकारणाला लावून पाहू. नेता काठीसारखा उंच दिसतो. त्याचे दोर लोकांच्या हातात असायला हवेत. मत, सभागृहातला प्रश्न, ग्रामसभा, न्यायालय हे ते दोर. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत हे दोर एकेक करून लोकांच्या हातून सुटले.

विश्वास उडाला तो कसा?

२३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ आठवा. महाराष्ट्र उठायच्या आत एका सरकारचा शपथविधी उरकला होता. ते सरकार काही दिवसांतच पडले. त्यानंतर जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले आणि सरकार बदलले. २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. म्हणजे एका विधानसभेच्या काळात जनतेने ज्या पक्षांना मते दिली त्यातले दोन मोठे पक्ष दुभंगले, आणि त्यावर मतदाराला कोणी एक शब्द विचारला नाही.

कोल्हापूर याला अपवाद नव्हते. २०१९ ला शिवसेनेच्या चिन्हावर निवडून आलेले जिल्ह्यातले दोन्ही खासदार, संजय मंडलिक आणि धैर्यशील माने, एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. कागलचे हसन मुश्रीफ यांच्याकडे जानेवारी २०२३ मध्ये ईडीचे छापे पडले आणि त्याच वर्षी २ जुलैला ते नव्या सरकारात मंत्री झाले. छाप्यांतल्या आरोपांचे खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण पाहणारा सामान्य माणूस काय शिकला? कालचा आरोप आणि आजचे मंत्रिपद यांच्यामध्ये फक्त बाजू बदलण्याचे अंतर असते, एवढेच तो शिकला.

पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे, संविधानाच्या दहाव्या परिशिष्टात. तरी हे झाले. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणी घेण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा होता असे म्हटले, पण उद्धव ठाकरे यांनी आधीच राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार परत आणता येणार नाही असेही सांगितले. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांवर सोपवला गेला आणि तो आला जानेवारी २०२४ मध्ये. कायद्याच्या दृष्टीने या पायऱ्यांना अर्थ असेल. चौकात उभ्या असलेल्या पोराला मात्र एवढेच कळले की चूक झाली हे मान्य होते, पण चुकीचा परिणाम कोणालाच भोगावा लागत नाही.

आता याहून जवळची गोष्ट पाहा. कोल्हापूर महानगरपालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. पुढची पाच वर्षे शहर प्रशासकाच्या हाती होते. जिल्हा परिषदेतही २०२२ पासून प्रशासकच आला. गटार तुंबले, पाणी आले नाही, रस्ता खचला, तर ज्याच्या दारात जाऊन भांडायचे तो नगरसेवकच नव्हता. आमदार-खासदार लांब असतो, नगरसेवक गल्लीत असतो. गल्लीतला दोर पाच वर्षे कोणाच्याच हातात नव्हता. २०२३ चा दंगा याच काळात झाला, ही गोष्ट आम्हाला विचार करण्यासारखी वाटते. एवढ्यानेच दंगे झाले, असे आम्ही म्हणत नाही. पण तापलेल्या गल्लीत दोन्हीकडच्या पोरांना नावानिशी ओळखणारा निवडून आलेला माणूस नसेल, तर पोलिसांच्या गाडीशिवाय मधे पडायला कोणी उरत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात गावोगावी नेत्यांना गावबंदीचे फलक लागले. त्याच महिन्याच्या शेवटी बीड जिल्ह्यात आमदारांची घरे जाळली गेली. गावबंदी ही अविश्वासाची उघड घोषणा होती, आणि जाळपोळ ही त्या अविश्वासाने वळण घेतल्यावर काय होते याची खूण. या दोन्हींमध्ये काही दिवसांचेच अंतर होते.

अविश्वासातून द्वेष कसा तयार होतो?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. लोकांचा नेत्यांवरचा विश्वास उडाला म्हणजे लोक नेत्यांविरुद्ध उठतात, असे क्वचितच होते. बहुतेक वेळा उलटे घडते. ज्या नेत्याकडे दाखवायला काम नसते, तो शत्रू दाखवतो. हिशेब मागणाऱ्या माणसाला तो सांगतो, तुझे वाईट माझ्यामुळे नाही, त्या पलीकडच्या वस्तीमुळे होते आहे. रागाला घर हवे असते. नेता त्याला शेजाऱ्याच्या घराचा पत्ता देतो.

६ मे २०२२ ला राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त अख्खे कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. वाहने थांबली, दुकानदार बाहेर आले, सगळ्या जातिधर्मांची माणसे एका जागी उभी राहिली. त्यानंतर तेराच महिन्यांनी याच शहरात दगड उडाले. ६ जून २०२३ ला शिवराज्याभिषेक दिनी काही तरुणांनी औरंगजेब आणि टिपू सुलतान यांचे आक्षेपार्ह ठरवले गेलेले स्टेटस ठेवले. दुसऱ्या दिवशी हिंदुत्ववादी संघटनांनी बंदची हाक दिली. शिवाजी चौकात जमाव गोळा झाला. दुकानांवर, घरांवर, गाड्यांवर दगडफेक झाली. पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या आणि जिल्ह्यातले इंटरनेट बंद केले.

स्टेटस चुकीचे असेल तर त्यासाठी कायदा आहे, गुन्हा नोंदवता येतो, आणि पोलिसांनी तो नोंदवलाही होता. मग दगड कोणासाठी होते? स्टेटस ठेवणाऱ्यांसाठी नव्हते. ज्या दुकानदाराने ते स्टेटस पाहिलेही नव्हते त्याच्या काचेवर ते पडले.

पुढच्या वर्षीची गोष्ट जोतिबाच्याच रस्त्याने पुढे गेल्यावर लागते. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर केर्लीपासून जोतिबाचा फाटा सुटतो. तोच रस्ता पुढे मलकापूर, आंबा करत विशाळगडाकडे नेतो. १४ जुलै २०२४ ला विशाळगडावरची अतिक्रमणे हटवण्यासाठी माजी खासदार संभाजीराजे छत्रपती यांनी गडाकडे येण्याची हाक दिली होती. त्या दिवशी गडाच्या पायथ्याशी गजापूरच्या मुसलमानवाडीत जमाव घुसला. घरे फोडली, संसार उधळले, मशिदीची नासधूस केली. गडावरच्या अतिक्रमणाशी या घरांचा संबंध नव्हता. दुसऱ्याच दिवशी प्रशासनाने गडावरची बांधकामे पाडायला सुरुवात केली. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने भर पावसाळ्यात चाललेली ही पाडापाडी थांबवली. संभाजीराजेंचे वडील, खासदार शाहू छत्रपती, गजापूरला गेले आणि त्यांनी झालेल्या हिंसाचाराचा निषेध केला.

दोन्ही घटनांत साम्य पाहा. तारीख आधीच भावनेने भारलेली होती. हाक दिली होती, पण मार्ग, वेळ आणि जबाबदार माणसे यांचा पत्ता नव्हता. काठी नाचवायला सगळे पुढे होते, दोर धरायला कोणी नव्हते.

मोठ्या घराण्यांचे काय जाते? आपले काय जाते?

हे वाचताना आपल्यातला एखादा तरुण म्हणेल की भांडण हिंदू आणि मुसलमानांचे आहे, आपण त्यात कशाला पडायचे? त्याला आमचे सांगणे आहे की २०१८ आठव.

१ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला जाणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. त्या दिवशी कोल्हापुरातही तणाव पसरला, दगडफेक झाली आणि जमाव समोरासमोर आले. राज्यभर गुन्हे दाखल झाले. राग योग्य होता. पण गुन्हा दाखल झाला तो कॉलेजच्या पोरावर, नोकरीसाठी पोलीस पडताळणीच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरावर. नेते पुढच्या निवडणुकीला लागले आणि पोरे न्यायालयाच्या तारखांना.

त्याही आधी, ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली. दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये तोडफोड झाली आणि नंतर पोलीस वस्त्यांमध्ये शिरले. अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. हा आदेश मिळाला तो त्याच्या आईने आणि ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी कागद घेऊन लढलेल्या लढाईमुळे. पण पोरगा परत आला नाही.

या तिन्ही घटनांत सुरुवात आपल्या अपमानाने झाली आणि किंमतही आपणच मोजली. म्हणून अशांततेचा धोका हा आपल्यासाठी टीव्हीवरचा विषय नाही. शहर पेटते तेव्हा सर्वात आधी हातावर पोट असणाऱ्याची रोजी जाते. संचारबंदीत भाजीची गाडी लागत नाही, बांधकामावरची हजेरी भरत नाही. आणि पोलीस पकडायला निघतात तेव्हा बंगल्याकडे जात नाहीत, वस्तीत येतात.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १८९ प्रमाणे पाच किंवा अधिक माणसे बेकायदा हेतूने जमली तर तो बेकायदा जमाव होतो. कलम १९० आणखी कडक आहे. जमावाचा समान हेतू साधताना त्यातल्या एकाने जरी गुन्हा केला तरी जमावातला प्रत्येक सदस्य दोषी धरता येतो. म्हणजे दगड दुसऱ्याने मारला आणि तुम्ही त्या जमावात मोबाईलवर व्हिडिओ काढत उभे होता, तरी तुमचे नाव आरोपपत्रात येऊ शकते. तो व्हिडिओच पुढे पुरावा होतो. कलम १९६ समाजासमाजांत तेढ वाढवण्याबद्दल आहे, कलम ३५३ अफवा पसरवण्याबद्दल. मजकूर तुम्ही लिहिलेला नसेल, फक्त पुढे पाठवला असेल, तरीही सुटका होतेच असे नाही.

बाबासाहेबांनी हे आधीच सांगितले होते

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी जे भाषण केले, त्यात तीन इशारे आहेत. सामाजिक आणि आर्थिक ध्येये गाठण्यासाठी संविधानाचा मार्ग खुला असताना रक्तरंजित मार्ग सोडून द्या, हा पहिला. कोणा एका माणसाच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नका, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा दुसरा. राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका, ती सामाजिक लोकशाहीच्या पायावर उभी करा, हा तिसरा.

आपण हे इशारे सुटे सुटे वाचतो, पण ते एकाच साखळीचे दुवे आहेत. भक्ती असली की प्रश्न बंद होतो. प्रश्न बंद झाला की हिशेब बंद होतो. हिशेब नसला की विषमता तशीच राहते, आणि साचलेल्या रागाला रस्त्याशिवाय वाट उरत नाही. आपल्या चळवळीलाही हे लागू आहे. रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले हे मोजायला एका हाताची बोटे पुरत नाहीत. आपले नेतेही आपण भक्तीने निवडले आणि रागाने सोडले. मधल्या काळात हिशेब मागितला नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे, ते या विषयाला थेट भिडते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला. शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला आणि पर्याय मांडला : दोघे आपल्यातून निवडू, दोघे त्यांच्यातून निवडू द्या, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून तंटा मिटवावा. मतदानात सिद्धार्थाचा पर्याय हरला, तरी तो डगमगला नाही. आमच्या दृष्टीने या प्रसंगाचे मोल असे की शांतता राखा एवढेच सांगून तो थांबला नाही, ती राखायची कशी याची पद्धतही त्याने दिली. वज्जींची भरभराट कशाने टिकते हे सांगतानाही तथागतांनी सुरुवातीच्या अटी याच घातल्या होत्या की त्यांनी वारंवार एकत्र जमावे आणि एकोप्याने कारभार करावा.

कोल्हापूरने हे करूनही दाखवले आहे

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे पुढे होती. सर्वपक्षीय कृती समिती होती, वर्षानुवर्षे मोर्चे निघाले. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके जाळले गेले हेही खरे. पण नाके जळाल्याने टोल गेला नाही. समिती टिकली, माघार घेतली नाही, तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने टोल रद्द केला.

उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात व्हावे म्हणून वकील आणि नागरिक चाळीस वर्षांहून अधिक काळ लढले. १७ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या माणसाला आता न्यायासाठी मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. एक आंबेडकरी घरातला मुलगा सरन्यायाधीश म्हणून ते उद्घाटन करतो, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहेच. पण चार दशके न थकता केलेला सनदशीर लढा ही त्याहून मोठी शिकवण आहे.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे आवाहन केले. गावातली सभा नीट भरली तर ती मुंबईलाही हलवते. याच जिल्ह्यातल्या माणगावात मार्च १९२० मध्ये परिषद भरली होती. तिथे शाहू महाराजांनी बाबासाहेबांना बहिष्कृतांचा नेता म्हणून सर्वांसमोर पुढे आणले. एक राजा स्वतःहून म्हणतो की तुमचा नेता तुमच्यातला असू द्या. नेत्यावर विश्वास कसा निर्माण होतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

कोल्हापूरबाहेरचे एक उदाहरणही घेण्यासारखे आहे. १९८४ च्या दंगलीत भिवंडी होरपळली होती. तिथे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे, पुढारी नव्हेत, नियमित एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. शांतता त्या रात्री कोणी आणली नाही. ती चार वर्षे आधीपासून तयार होत होती.

मग आपण काय करायचे?

आमच्या मते आपल्या शाखा, मंडळे आणि युवक संघटनांनी ही कामे आजपासून हाती घ्यावीत.

१. जयंतीच्या मिरवणुकीचा मार्ग, वेळ आणि जबाबदार स्वयंसेवकांची नावे आधी लेखी ठरवा आणि त्याची प्रत पोलीस ठाण्याला द्या. मोर्चा असेल तर हेच करा. जबाबदार माणसांची यादी नसलेल्या हाकेला जाऊ नका, हाक आपल्या नेत्याची असली तरी.

२. गल्लीत पाच जणांची समिती करा. रोहिणीच्या तंट्यातला नमुना घ्या : दोघे आपले, दोघे शेजारच्या समाजाचे, आणि चौघांनी निवडलेला पाचवा. महिन्याला एकदा बसा. पाणी, कचरा, दिवाबत्ती यावर बोला. दंग्याच्या दिवशी हीच ओळख कामी येते.

३. चिथावणीचा मजकूर आला तर पुढे पाठवू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख-वेळ नोंदवा आणि लेखी तक्रार द्या. तक्रारीची पोच घ्या. रस्त्यावरचा राग सकाळपर्यंत विरतो, पोच फाईलमध्ये राहते.

४. अटक झाली तर कारण सांगणे, वकिलाला भेटू देणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे ही संविधानाच्या कलम २२ ची सक्ती आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला मोफत वकील मिळतो. हे प्रत्येक विहारात फलकावर लिहून ठेवा.

५. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे जा आणि आकड्यांवर प्रश्न विचारा. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने जोतिबाच्या विकास आराखड्यासाठी २५९ कोटी ५९ लाख रुपये मंजूर केले. त्यातले किती आले, कशावर खर्च झाले, डोंगरावरच्या आणि पायथ्याच्या वाड्यांना पाणी, रस्ता, दवाखाना यांपैकी काय मिळाले, हा प्रश्न देव मानणारा आणि न मानणारा दोघेही विचारू शकतात. माहिती अधिकाराचा अर्ज दोघांनी मिळून टाकावा. एका अर्जावर दोन समाजांच्या सह्या असल्या की "पलीकडच्या वस्तीमुळे" हे उत्तर देणे नेत्याला अवघड जाते.

६. आपल्या नेत्यांनाही हेच प्रश्न विचारा. वर्गणीचा हिशेब, निवडणुकीतली युती, पदांचे वाटप, या सगळ्याचा जाब उघड सभेत मागा. जाब मागणारा गद्दार नसतो. तो दोर धरणारा असतो.

कोल्हापूरच्या बिंदू चौकात फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० ला, बाबासाहेब हयात असतानाच, ते उभे राहिले. तिथून शिवाजी चौक चालत काही मिनिटांवर आहे. या दोन चौकांमध्ये पुन्हा दगड येऊ द्यायचे नसतील तर पुढच्या चैत्राची, पुढच्या ६ जूनची वाट पाहत बसून चालणार नाही. पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की दहा मिनिटे जास्त बसा आणि गल्लीच्या समितीसाठी आपली दोन नावे ठरवा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीत जाऊन त्यांची दोन नावे मागा.

जय भीम. जय संविधान.